अभिक्रियेचा ‘वेग’ की ‘दर’?

विचारणा : दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी सोडिअम थायोसल्फेट आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या प्रयोगाची आखणी मराठीत लिहीत आहे. पाठ्यपुस्तकात ‘अभिक्रियेचा दर’ असे आहे, बोलताना मात्र आम्ही सर्रास ‘वेग’ म्हणतो, आणि विश्वकोशात तर अभिक्रियेऐवजी ‘विक्रिया’ हा शब्द दिसतो. यांपैकी काय ठेवावे? ‘संहती’ (द्रावणात विरघळलेल्या पदार्थाचे प्रमाण) ऐवजी ‘तीव्रता’ लिहिले तर मुलांना सोपे जाईल का?

उत्तर : ‘विक्रिया’ आणि ‘अभिक्रिया’ यांत अर्थाचा भेद नाही; ज्या पुस्तकातून मुले शिकतात त्यातलाच शब्द ठेवावा. ‘दर’ आणि ‘वेग’ यांचे मात्र तसे नाही. भौतिकशास्त्राच्या तासाला आपणच मुलांना शिकवतो की चाल वेगळी आणि वेग वेगळा, कारण वेगाला दिशा असते. शंकुपात्रात गंधक तयार होऊन गढूळ होत जाणाऱ्या द्रावणाला कसली दिशा? शिवाय ‘दर’ या शब्दात ‘प्रत्येकी’ हा अर्थ आधीच मुरलेला आहे. दर मिनिटाला, दर माणशी, आणि व्याजाच्या गणितातले ‘द.सा.द.शे.’ हे सगळे मुलांच्या कानावरून गेलेले असते, त्यामुळे ‘दर सेकंदाला किती अभिकारक (अभिक्रियेत भाग घेणारा पदार्थ) संपला’ हे वेगळे समजवावे लागत नाही.

या प्रयोगात हा भेद विशेष उपयोगी पडतो, कारण येथे आपण दर मोजतच नाही, वेळ मोजतो. कागदावर काळी फुली काढून तिच्यावर शंकुपात्र ठेवायचे, 0.15 मोलर (मोलर हे संहतीचे एकक) थायोसल्फेटचे 50 मिलिलिटर द्रावण घ्यायचे, 2 मोलर आम्लाचे 5 मिलिलिटर ओतताक्षणी स्टॉपवॉच सुरू करायचे आणि वरून पाहताना फुली दिसेनाशी होईपर्यंतचे सेकंद नोंदवायचे. पुढच्या खेपेला 40 मिलिलिटर थायोसल्फेट आणि 10 मिलिलिटर पाणी, मग 30 आणि 20, म्हणजे एकूण आकारमान तेच राहते आणि फुलीवरच्या द्रावणाची उंचीही बदलत नाही. एकदा 25 सेकंद आणि एकदा 50 सेकंद लागले, तर दुसऱ्या वेळी दर निम्मा झाला, दुप्पट नव्हे. ‘आकडा वाढला म्हणजे वेग वाढला’ असे लिहिणारी मुले दर वर्षी भेटतात. म्हणून तक्त्यात ‘लागलेला वेळ’ आणि ‘1 भागिले वेळ’ असे दोन स्वतंत्र रकाने ठेवावेत.

‘तीव्रता’ मात्र कृपया टाळावी. तीव्र आणि सौम्य ही आम्लाची जात झाली, तर संहत आणि विरल ही द्रावणाची अवस्था. आपल्या प्रयोगातले हायड्रोक्लोरिक आम्ल तीव्र आहे, पण विरल आहे. उलट ॲसेटिक आम्ल सौम्य असले तरी संहत स्वरूपात कातडी भाजते. ‘सौम्य म्हणजे निरुपद्रवी’ हा समज प्रयोगशाळेत महागात पडतो, तेव्हा शब्द जड वाटला तरी संहतीच बरी.

पुन्हा विचारणा : पात्रात दिसणाऱ्या गंधकाला ‘साका’ म्हणता येईल का? आणि ‘स्वतंत्र चल’ (प्रयोगात आपण मुद्दाम बदलतो ती राशी) म्हटले की वर्गात हशा पिकतो.

उत्तर : साका म्हणजे तळाशी बसलेला गाळ. येथे गंधकाचे बारीक कण बराच वेळ तरंगत राहतात, आणि फुली झाकली जाते ती त्यामुळेच. म्हणून निरीक्षणात ‘द्रावण पिवळसर गढूळ झाले’ एवढेच लिहावे. ‘चल’ बीजगणितात मुलांनी वापरलेला असतो, तेव्हा हशा एकदाच होईल. तरी आखणीत ‘आपण काय बदलणार, काय मोजणार, काय तेच ठेवणार’ असे तीन प्रश्न लिहून पुढे कंसात चलांची नावे द्यावीत. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात तापमान हमखास राहून जाते. आणि सल्फर डायऑक्साइड सुटतो, त्यासाठी ‘खिडक्या उघड्या ठेवा’ हे साध्या मराठीत, अगदी पहिल्या ओळीत असू द्यावे.