नववीला संगणकीय विचारपद्धती शिकवायची कशी?

प्रश्न
मी दादरच्या एका मराठी शाळेत नववीला संगणक शिकवते. मुलांना लूपची, म्हणजे त्याच सूचना पुन्हा पुन्हा चालवण्याच्या रचनेची, व्याख्या तोंडपाठ असते आणि फळ्यावरचा पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतला नमुना ती हुबेहूब उतरवतात. पण उदाहरण जरा बदलले की ‘बाई, सुरुवात कुठून करायची?’ हे ठरलेले. 60 मुले, 18 चालू संगणक आणि आठवड्याला 35 मिनिटांचा एकच तास एवढ्या भांडवलावर काय करता येईल?

पहिले उत्तर
सुरुवातीचे काही तास संगणक बंदच ठेवा. संगणकीय विचारपद्धती म्हणजे प्रश्न पायऱ्यापायऱ्यांनी सोडवता येईल असा मांडण्याची रीत. संगणकशास्त्रज्ञ जॅनेट विंग यांनी 2006 च्या लेखात ही संज्ञा सर्वदूर नेली, तेव्हाच ही विचारपद्धती म्हणजे प्रोग्रॅमिंग नव्हे, असे बजावले होते. मी चाचणीचे पेपर दोन गटांना वाटून हजेरी क्रमांकाने लावायला सांगतो. एक गट प्रत्येक पेपर गठ्ठ्यात जागा शोधून खुपसत बसतो, तर दुसरा आधी दशकवार ढीग करतो आणि बहुधा आधी मोकळा होतो. मग 43 क्रमांक शोधायचा: मधला पेपर पाहून निम्मा गठ्ठा बाजूला टाकत गेले, तर 60 पेपरांत जास्तीत जास्त 6 वेळा पाहावे लागते. (काही मुले गैरहजर असतात, म्हणून 43 वा पेपर मोजून काढता येत नाही, आयती सोय!)

दुसरे उत्तर
मी बोरिवलीहून ठाण्याला कसे जावे, एवढेच विचारते. कोणी दादरला गाडी बदलतो, कोणी अंधेरीहून मेट्रोने घाटकोपर गाठतो, कोणी घोडबंदरची बस धरतो. मुले हमरीतुमरीवर येतात आणि भांडता भांडता त्यांच्या लक्षात येते की एकाने वेळ मोजला, दुसऱ्याने भाडे, तिसऱ्याने गाड्या बदलण्याचा त्रास. मार्ग शोधण्याआधी ‘चांगला’ म्हणजे काय, हे ठरवावे लागते.

तिसरे उत्तर
हे सगळे मान्य. परंतु तास कोडपर्यंत परत आला नाही, तर तो खेळच राहतो. माझ्या वर्गाने गुणांची सरासरी काढणारा प्रोग्रॅम लिहिला आणि यादीत ‘गैरहजर’ हा शब्द येताच तो अडला. एकीने तिथे 0 घातला, दुसऱ्याने ते नाव वगळून भागाकाराची संख्याही कमी केली. दोघांनाही मी वहीत तक्ता आखून प्रत्येक फेरीनंतरची बेरीज आणि मोजणी लिहायला लावली, तेव्हा दोन उत्तरे वेगळी का आली, हे मला सांगावे लागले नाही.

प्रश्नकर्ती
आभार. गुरुवारी पेपरांचा गठ्ठा वर्गात नेते. 0 घालावा की नाव वगळावे, यावर आमच्या शिक्षककक्षातच आज दोन तट पडले आहेत.