आमवात, मेथोट्रेक्सेट आणि गुळवेलीचा काढा

प्रश्न:
नमस्कार. माझ्या आईला (वय ५८) दोन वर्षांपासून र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात आहे. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि जोडीला फॉलिक अ‍ॅसिड चालू आहे, तरीही सकाळी तास-दीड तास बोटे आखडलेली राहतात आणि पहिली पोळी लाटायला नऊ वाजतात. शेजारच्या काकू गुळवेलीचा काढा आणि अश्वगंधा घ्यायला सांगत आहेत. मामांचे म्हणणे असे की व्यायामाने सांधे अधिकच झिजतील. कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १:
गुळवेल नको. या आजारात प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते आणि मेथोट्रेक्सेट तिला आवर घालते. गुळवेल मात्र लोक घेतात ती प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून. शिवाय मेथोट्रेक्सेटचा यकृतावर ताण येऊ शकतो, म्हणूनच आईंची ठरावीक काळाने रक्ततपासणी होत असेल. २०२० च्या अखेरीस मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे डॉक्टरांनी नोंदवले होते. वनस्पतीची खात्रीच करून घेतली नव्हती, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला, पण तो आक्षेप बाजारातल्या पुडीलाही लागू पडतोच. अश्वगंधेबाबतही यकृताच्या तक्रारी नोंदल्या गेल्या आहेत. आयुर्वेदाला माझा विरोध नाही: २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, कोइम्बतूरच्या ४३ रुग्णांवरील चाचणीत आयुर्वेदिक उपचार मेथोट्रेक्सेटच्या जवळपास उतरले होते. चाचणी लहान होती, आणि ते उपचार वैद्यांनी रुग्णाला तपासून दिलेले होते, शेजारच्या काकूंनी नव्हे.

प्रतिसाद २:
मी अकरा वर्षे हा आजार सांभाळते आहे. सांधे खातो तो आतला दाह. हालचाल थांबवली की स्नायू वाळतात आणि सगळा भार सांध्यांवर येतो, हे मामांना सांगा. मी उठल्यावर कोमट पाण्याच्या घमेल्यात दहा मिनिटे हात बुडवते, त्यातच मूठ हळूहळू मिटते-उघडते, अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावते आणि शेवटी भांडी घासायचा कोरा स्पंज पिळते. सांधा सुजून गरम झाला असेल त्या दिवशी स्पंज बाजूला, नुसती हलकी हालचाल. व्यायामानंतरचे जादा दुखणे दोन तासांहून अधिक रेंगाळले, तर दुसऱ्या दिवशी निम्मेच करायचे, हे मला फिजिओथेरपिस्टने शिकवले.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. आज आईला सरळ विचारले, तेव्हा कळले की काढा तीन आठवड्यांपासून चालूच आहे; रोज चहाच्या आधी, स्टीलच्या पेल्यातून, मला न सांगता. तो बंद केला असून सोमवारी ती पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जात आहोत. स्पंज तिने आत्ताच मागून घेतला.