मदत हवी आहे: ड्रायरमध्ये आटलेला स्वेटशर्ट परत लांब होईल का?

मंडळी, मी मूळचा इचलकरंजीचा, सध्या मुक्काम व्हँकुव्हरजवळ. घरी पूर्वी माग होते, त्यामुळे कुठलाही कपडा हातात आला की आधी उलटा करून शिवण बघायची खोड आहे. त्याच खोडीपायी महिन्याभरापूर्वी जुन्या कपड्यांच्या दुकानातून ‘विंग्ज+हॉर्न्स’चा करडा स्वेटशर्ट उचलला. हे लेबल व्हँकुव्हरचंच, २००४ साली सुरू झालेलं. ‘रेनिंग चॅम्प’ त्याचंच भावंड. छातीवर ना अक्षर, ना चित्र. घाट जुन्या अमेरिकन व्यायामशाळेतला, कापड जपानी, शिवण कॅनडातली. बायको म्हणाली, "कोऱ्या कपड्याला एवढे पैसे?" मी आतल्या सपाट शिवणी दाखवल्या. ती म्हणाली, "आतून कोण बघणार आहे?"

गेल्या रविवारी तो चादरींबरोबर ड्रायरमध्ये गेला. चूक माझीच, लपवत नाही. मागून मानेपासून खाली २७ इंच भरायचा, आता जेमतेम २५. बाह्या मनगटाच्या वर चढल्या. रुंदी मात्र जवळजवळ तेवढीच!

मागावरचं कापड उभ्या धाग्याच्या दिशेने जास्त आटतं, एवढं मला कळतं. पण हे पडलं होजिअरी, यात उभा-आडवा धागा नाहीच, नुसते फास. मग हे लांबीतच का आटलं? आणि ओढून थोडंफार परत येईल का? इस्त्रीच्या वाफेचा प्रयोग करायचा मोह होतोय, पण आणखी वाट लागायला नको. अजून एक, याच लेबलची पँट बघून ठेवली आहे. माप कसं ठरवू?

प्रतिसाद १:
विणताना आणि नंतर धुलाई-रंगाईत होजिअरीचं कापड लांबीत ओढलं जातं. पाणी, उष्णता आणि आपटणं मिळालं की फास मूळ जागी बसतात, म्हणून लांबी जाते. यावरच ‘चॅम्पियन’ या अमेरिकन कंपनीने १९३०च्या दशकात तोडगा काढला होता: कापड आडवं फिरवून बेतायचं, म्हणजे आटणं लांबीत न जाता रुंदीत जातं. बगलेखाली ताणणाऱ्या रिबच्या पट्ट्या नंतर आल्या. जपानात वाकायामाला अजून होजिअरी विणायची काही जुनी गोल यंत्रं चालतात, त्यांत ही ओढ मुळात बसतच नाही. कापड ओढून न घेता ते स्वतःच्या वजनाने खाली उतरतं. तासाला साधारण एक मीटर! तुमच्या मागवाल्याला हा वेग ऐकून घाम फुटेल.

आता उपाय. कोमट पाण्यात चमचाभर केसांचं कंडिशनर घालून अर्धा तास भिजवा. पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा. मग सपाट पसरून लांबीत हलक्या हाताने, थोडं थोडं ओढा आणि तसाच वाळवा. ओला असताना हँगरला लावलात तर गळा लोंबेल. इंचभर परत येईल, दोन्ही इंचांची आशा धरू नका. वाफ नंतर, आणि दुरूनच.

प्रतिसाद २:
पँटच्या लेबलवरच्या आकड्यावर जाऊ नका. तुमची नीट बसणारी पँट जमिनीवर पसरा, कंबर, मांडी आणि आतली लांबी मोजा, दुकानदाराकडूनही तीच तीन मापं मागवा. कापड न आटवलेलं असेल तर लांबीत दोन इंच जास्तच घ्या.

धागाकर्ता:
आभार मंडळी. तासाला मीटर वाचून वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "मग खातात काय ती माणसं?" स्वेटशर्ट भिजत घातलाय, उद्या मोजून सांगतो. कंडिशनर बायकोचं आहे, तिला अजून सांगितलेलं नाही.