विषय: सेल्फ फिरतोय, गाडी सुरू होत नाही (सातारा)

प्रेषक: सातारकर, सिडनी

मंडळी, गणपतीच्या वर्गणीच्या मेलमध्ये घुसायला नको म्हणून वेगळी टाकतोय. बाबांची गाडी गोडोलीत दारात उभी आहे. पेट्रोल-सीएनजी, कंपनीचंच किट. सेल्फ दणक्यात फिरतो, पण इंजिन उचलत नाही. काल पोवई नाक्यापर्यंत जाऊन व्यवस्थित परत आली होती. मेकॅनिक म्हणतोय बॅटरी बदला, नाहीतर स्टार्टर. बाबांना ‘हो’ म्हणायची घाई. इथून त्यांना काय बघायला सांगू?

प्रेषक: सांगलीकर काका

बॅटरीला हातसुद्धा लावू देऊ नका. सेल्फ नेहमीच्या जोरात फिरतोय म्हणजे बॅटरी आणि स्टार्टर दोघंही कामावर हजर आहेत. बॅटरी उतरली असती तर सेल्फ रडत फिरला असता किंवा नुसतं टिकटिक झालं असतं. इंजिनाला लागतं पेट्रोल, ठिणगी आणि कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब. कालपर्यंत धावणाऱ्या गाडीचं कॉम्प्रेशन एका रात्रीत सहसा जात नाही. टायमिंग बेल्ट तुटला तर जातं, पण मग सेल्फ नेहमीपेक्षा हलका, सुळकन फिरतो.

तेव्हा आधी पेट्रोल. बाबांना व्हिडिओ कॉलवर घ्या. एसीचा पंखा, रेडिओ बंद. आईंना मागच्या सीटवर बसवा. किल्ली ‘ऑन’पर्यंतच फिरवायची, सेल्फ मारायचा नाही. टाकीतला पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो आणि थांबतो. आवाज नसेल तर पंपाचा फ्यूज बघा, मग रिले, म्हणजे पंपाची वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच. शेजारी त्याच नंबरचा रिले असेल, हॉर्नचा वगैरे, तर अदलाबदल करून बघायला पैसे पडत नाहीत.

आवाज येत असेल तर मीटरवर किल्लीचं चित्र लुकलुकतंय का बघा. ते इमोबिलायझरचं, म्हणजे किल्ली ओळखली नाही तर गाडी सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं. दुसरी किल्ली लावून पाहा. आणि सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जरासुद्धा हलला नाही, तर इंजिन फिरतंय हे कळवणाऱ्या क्रँक सेन्सरवर संशय घ्या.

आता खरं सांगा, टाकीत पेट्रोल किती असतं?

प्रेषक: मिरजेची ताई

काकांच्या यादीत उंदीर राहिले! आमच्या माहेरी पावसाळ्यात बॉनेट उघडून तारा बघितल्याशिवाय मेकॅनिकला बोलवत नाहीत. आणि बाबांना म्हणावं, सारखा सेल्फ मारत बसू नका. दहा सेकंद, मग मिनिटभर थांबायचं. स्टार्टर तापतो, आणि पंप चालू असेल तर प्लगही ओले होतात.

जरा विषयांतर, पण सांगली-कोल्हापूरकडची मंडळी वाचतायत म्हणून. गाडी पुराच्या पाण्यात उभी राहिली असेल तर यातलं काहीच करायचं नाही. २०१९ ला आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५. अशा पाण्यातून निघालेल्या गाडीला सेल्फ मारणं सगळ्यात वाईट. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिनच खोलावं लागतं. प्लग काढून पाणी बाहेर काढेपर्यंत किल्लीला हात नको.

प्रेषक: सातारकर, सिडनी

ताई, तारा शाबूत आहेत. काका, आई म्हणते काहीच ऐकू आलं नाही. फ्यूज ठीक, रिले बदलून बघितला, तरी गप्प. पेट्रोलचा काटा पार तळाला. बाबांचं म्हणणं, “गॅस भरलाय की, पेट्रोलला पैसे कशाला घालायचे?” पाच लिटर आणून ओतायला सांगू?

प्रेषक: सांगलीकर काका

सांगा. टाकी खरंच कोरडी असेल तर काम तिथंच संपेल. पण पंपाचा आवाजच नाही, म्हणून मला शंका आहे. हा पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि त्यावरच थंड राहतो. वर्षानुवर्षं काटा लाल पट्टीत ठेवला की तापून मरतो. बाबांची गाडी पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जाणारी असणार, म्हणून गॅसचा सिलिंडर भरलेला असूनही ती जागची हलत नाही. सीएनजीवाल्यांच्या घरोघरी हीच काटकसर!

तरी लगेच पंप विकत घेऊ नका. पंपाच्या कनेक्टरला टेस्ट लॅम्प, म्हणजे वीज येतेय का दाखवणारा दिवा, लावून किल्ली ‘ऑन’ करायला सांगा. दिवा दोन-तीन सेकंद पेटला आणि पंप गप्प, तर पंप गेला. दिवा पेटलाच नाही तर वायरिंग शोधा, पंप निर्दोष. हे काम मेकॅनिकनंच करायचं, मोकळ्या हवेत. पेट्रोलची वाफ असते, जवळपास विडी-काडी नको.

प्रेषक: सातारकर, सिडनी

पेट्रोल ओतलं, फरक नाही. मेकॅनिक आधी कुरकुरला, मग लॅम्प लावला. दिवा पेटला, पंप गप्प. उद्या नवा बसवतोय. बॅटरीचं नाव पुन्हा निघालं नाही.

प्रेषक: मिरजेची ताई

जुना पंप बाहेर निघाला की खालच्या जाळीचा फोटो मागवून घे. काळी झाली असेल तर ती बदलायला सांग, आणि टाकीच्या तळाशी गाळ असेल तर पंप बसवायच्या आधी टाकी साफ करून घ्यायची. नाहीतर तोच गाळ नव्या पंपात जाईल. आणि हो, वर्गणीचं तुझं अजून आलेलं नाही.