मफलर काढण्याआधी केबिनमधल्या घुमाऱ्याचा विचार व्हावा

टर्बो इंजिनाच्या स्पोर्ट्स कारचा मागचा मफलर, म्हणजे एक्झॉस्टचा आवाज दाबणारा डबा, काढून तिथे सरळ पाईप जोडावा का, असे पणजीहून विचारले गेले आहे. आवाज नक्कीच वाढेल, परंतु तो हवा तसा असेलच असे नाही. एक्झॉस्ट वायूतील स्पंदने टर्बोच्या टर्बाइनमधून (वायूच्या झोताने फिरणाऱ्या चाकातून) जातानाच बरीच बोथट होतात, त्यामुळे टर्बोविरहित इंजिनाचा खणखणीत सूर मिळण्याऐवजी खर्जातली घरघरच अधिक ऐकू येते. खरा त्रास पुढे आहे: एकसारख्या वेगात, बहुधा २००० ते ३००० आरपीएमच्या (इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांच्या) दरम्यान, केबिनमध्ये जो घुमारा भरून राहतो, तो ‘ड्रोन’ पणजी ते काणकोण एवढ्या प्रवासातही डोके उठवतो. एक्झॉस्टच्या पाईपवरचा रेझोनेटर ठरावीक वारंवारितेच्या लहरी परतवून हा घुमारा दाबतो, म्हणून निदान तो तरी काढू नये.

माझ्या मते आवाज कमी-जास्त करणारी झडप असलेली कॅट-बॅक प्रणाली, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचा एक्झॉस्टचा भाग, घ्यावी. तिच्यात धूर स्वच्छ करणाऱ्या या कन्व्हर्टरला हात लागत नाही आणि बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयासमोरून किंवा रात्री वाड्यातून जाताना झडप बंद ठेवता येते, जे मला फार महत्त्वाचे वाटते. तरीही झडप उघडी असतानाचा आवाज नियमांच्या मर्यादेत बसतो का, हे खरेदीपूर्वी विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार ध्वनिविषयक उल्लंघनाला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.