तीन तास शिजवलं तरी मटण कोरडंच, कुठे चुकलं?

पानगळ:
रविवारी घरात आम्ही आठ जण. दीड किलो मटण आणलं. खाटकाला मुद्दाम सांगून चरबी, पडदे, शिरा सगळं काढायला लावलं, हाडही नको म्हटलं. लवकर शिजावं म्हणून तुकडेही बारीक करून घेतले. कांद्यावर सगळं एकदम घातलं, परतलं, पाणी ओतलं, झाकण ठेवलं आणि तीन तास रटरटू दिलं. रस्सा बरा झाला. पण मटण! दातात धागे आणि तोंडात भुसा. सासऱ्यांना कवळी आहे. त्यांनी तुकडे गुपचूप ताटाच्या कडेला सारले आणि "रस्सा छान झालाय हो" म्हणाले. ते "हो" मला अजून ऐकू येतंय. आणखी तासभर ठेवायला हवं होतं का?

मंदआच:
नाही हो, मग आणखी भुसा झाला असता. तुम्ही जे काढून टाकायला लावलंत, तेच तर हवं होतं. पडद्यांत आणि शिरांत कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन असतं. 70 अंशांच्या वर काही तास राहिलं की त्याचं हळूहळू जिलेटिन, म्हणजे थंड झाल्यावर जेलीसारखं गोठणारं मऊ द्रव्य, होतं आणि मटण तोंडात विरघळतं. मांसाच्या धाग्यांतलं पाणी मात्र 60-65 अंशांनाच पिळून बाहेर यायला लागतं. म्हणजे फार वेळ शिजलेलं मांस थोडं कोरडं होणारच, जिलेटिन ते जाणवू देत नाही एवढंच. तुमच्या तुकड्यांत जिलेटिन व्हायला काही ठेवलंच नव्हतं. खांदा, मान, नळी असं घ्या. जनावर ज्या भागाला जास्त राबवतं तो. तुकडे मोठे, हाडासकट.

दुसरं म्हणजे ते रटरटणं. रश्श्यावर अधूनमधून एखादा बुडबुडा फुटला पाहिजे, बस. मी पातेल्याखाली तवा ठेवतो.

आणि सगळं एकदम घातलंत तेव्हा पाणी सुटलं असेल. पाणी असेतो ते 100 अंशांच्या वर जात नाही आणि खरपूस रंगाला साधारण 140 तरी लागतात. तुकडे पुसून कोरडे करा, तीन-चार खेपांत लाल करा. मग थोडं पाणी घालून पातेल्याच्या बुडाला चिकटलेलं खरवडून घ्या. ते घासून टाकणाऱ्यांशी मी बोलत नाही.

उरकाउरक:
एवढा वेळ कोणाकडे आहे? कुकर लावा.

मंदआच:
लावा की. दाबामुळे आत 120 अंशांच्या आसपास जातं, म्हणून तासाभरात काम होतं. फक्त शिटी उचलून वाफ सोडू नका, दाब आपसूक उतरू द्या. एकदम सोडली की आतलं सगळं उसळून उकळतं आणि तुकडे फुटतात.

पानगळ:
आदल्या रात्री करून ठेवलं तर चालेल? रात्रभर ओट्यावर राहील.

मंदआच:
आदल्या रात्री कराच, चव मुरते. पण ओट्यावर नको. पसरट भांड्यांत काढून निववा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. सकाळी चरबीचा थर वर गोठलेला असेल, हवा तेवढा चमच्याने काढा.

पानगळ:
केलं. खांदा आणि नळ्या. तुकडे लाल करतानाच पाऊण तास गेला, तेलाचे शिंतोडे थेट खिडकीपर्यंत. एवढं होईल हे तुम्ही सांगितलं नव्हतं. मग साडेतीन तास तव्यावर. दीड तासाने एक तुकडा दाबून पाहिला तर चक्क चामडं, रडायचीच बाकी होते. पुढच्या तासात कधी मऊ पडला कळलंच नाही. सकाळी फ्रिज उघडला तर रस्सा थरथरत होता, चमचा उभा राहिला त्यात. घाबरून गरम केला तर पुन्हा पातळ.

सासऱ्यांनी दोनदा मागून घेतलं. या वेळी छान वगैरे काही म्हणाले नाहीत, नळी ठोकत बसले होते.