अनुभव धागा: घोडं घेऊन एकट्याने बाजाराला निघताना

सीनाकाठ
आज सकाळी होटगी रोडला सिग्नलवर एक पिकअप थांबली होती. मागे कुमैत घोडी, एकटीच. पुढे ड्रायव्हरशेजारी बसलेला माणूस दर अर्ध्या मिनिटाला मान वळवून मागच्या काचेतून बघत होता. ती वळणारी मान बघितली आणि बरंच जुनं वर आलं. दिवाळीचा पाडवा तोंडावर आलाय म्हणजे अकलूजचा घोडेबाजार आलाच, पुढे दत्तजयंतीला सारंगखेडा. दरवर्षी कोणी ना कोणी पहिल्यांदा एकटं निघतं. आदल्या रात्री घोडं निवांत असतं, मालक टक्क जागा.

ज्यांना यातलं कळतं त्यांनी लिहा. 'घाबरू नका' सोडून काहीही चालेल.

माझ्याकडून पहिलं. पोटात गोळा येतो तो चढवताना आणि उतरवताना, आणि नेमका तिथेच क्रम चुकतो. चढवल्यावर आधी मागचा आडवा बांबू लावायचा, मग तोंडाची दोरी बांधायची. उतरवताना उलट: आधी दोरी सोडायची, मग आडवा काढायचा. दोरी बांधलेली असताना मागून मोकळं झालं की घोडं मागे सरकतं, दोरी ताणते, मोहरकीचा (तोंडावर चढवलेल्या साजाचा) पट्टा कानामागे रुततो. मग ते जिवाच्या आकांताने ओढतं, काहीतरी तुटतं आणि घोडं चढायच्या फळीवरून पाठीवर जातं. सगळं पाच सेकंदांत. घरी रोज हाच क्रम दहा वेळा करा, हाताला पाठ होऊ द्या. डोक्यावर भरवसा ठेवू नका, ते त्या वेळी जागेवर नसतं.

खरारा
मोहरकी सुती किंवा चामड्याची घ्या. नायलॉनची तुटत नाही, म्हणून घोड्याची मान तुटायची वेळ येते. दोरी थेट लोखंडी कडीला न बांधता कडीत सुतळीचा वेढा घाला आणि दोरी त्या वेढ्याला. जास्त जोर आला तर सुतळी तुटेल, घोडं वाचेल. गाठ एका ओढीत सुटणारी. आणि ड्रायव्हरच्या पुढ्यात एक धारदार विळा, पेटीच्या तळाशी नव्हे.

आयशर४०७
ड्रायव्हरच्या बाजूने लिहितो. मालकाची निम्मी भीती माझ्या ब्रेकची असते आणि ती बरोबरच आहे. घोडं बसत नाही, सगळा रस्ता उभं असतं, चार पायांवर तोल सावरत. आपण ब्रेक मारला की त्याचं तोंड पुढच्या फळीवर.

उपाय सोपा. निघायच्या आदल्या दिवशी रिकाम्या गाडीच्या हौद्यात पाऊण भरलेली बादली ठेवा आणि ड्रायव्हरला कुंभारीपर्यंत नेऊन आणायला सांगा. पाणी सांडलं तर ड्रायव्हर बदला. नाहीतर मालकाने स्वतः मागे काही न धरता दोन किलोमीटर उभं राहून बघावं, मग कळतं वळणावर काय होतं ते.

वेग ताशी ३५ च्या आत. लोक हसतात, हसू द्या. जनावर वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांत घोड्यांच्या गाडीला ताशी ३५ चीच मर्यादा आहे.

भीमथडी_तट्टू
त्याच नियमांत प्रत्येक गाडीत एक राखणदार हवा असंही आहे. म्हणजे स्वतः गाडी चालवत घोडं नेणं हे 'एकटं' चालत नाही. ड्रायव्हर वेगळा, तुम्ही घोड्याचे. डॉक्टरचा दाखला जवळ लागतो. साध्या मालवाहू गाडीत दोन घोड्यांच्या मध्ये किमान ८ सेंटीमीटर जाडीचा बांबू आणि मागे दोन दणकट आडव्या दांड्या. तोंड डावीकडे, येणाऱ्या गाड्यांपासून लांब. हा शेवटचा मुद्दा बऱ्याच जणांना माहीत नसतो, पण रात्री समोरचे दिवे थेट डोळ्यात गेले की घोडं का बिथरतं ते यावरून कळेल.

शेंगाचटणी
दाखला म्हणजे नुसता फिटनेसचा का? की ते ग्लँडर्सचं पण?

खुराचा डॉक्टर
दोन्ही धरून चाला. ग्लँडर्स, म्हणजे आपल्याकडचा शेंबा, माणसालाही होतो. त्याला लस नाही आणि बाधित निघालेलं जनावर ठेवता येत नाही. रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रापर्यंत जाऊन अहवाल यायला वेळ लागतो, म्हणून निघायच्या तीन-चार आठवडे आधी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. आदल्या दिवशी धावपळ करणाऱ्यांची जी छाती धडधडते ती घोड्यामुळे नाही, कागदामुळे. धनुर्वाताची लस झाली आहे ना तेही बघून घ्या. नालाचा खिळा, पत्र्याची कड, बाजारात काय लागेल सांगता येत नाही.

आता विचारलं नाही तरी सांगतो. 'शांत राहायचं इंजेक्शन' देऊन गाडीत चढवू नका. झोपाळलेल्या घोड्याला तोल सावरता येत नाही. नर असेल तर एसीप्रोमॅझिनसारख्या औषधाने लिंग बाहेर लोंबून राहण्याचा धोका वेगळाच, कधीकधी ते परत जात नाही. आणि पोट दुखतंय म्हणून बांबूच्या नळीने तेल पाजणं पण बंद करा. तेल फुफ्फुसात गेलं की पोटशूळ बरा होतो आणि न्यूमोनियाने घोडं जातं.

आक्का_पागेवाली
डॉक्टर, ते तेलाचं दहा वेळा लिहा. आमच्या भागात अजून पाजतात.

वेळापूर फाटा
रस्ता सांगतो. सोलापूर ते अकलूज दोन वाटा. मोहोळवरून पालखी मार्गाने पंढरपूर, वेळापूर आणि मग अकलूज. नाहीतर पुणे हायवेने टेंभुर्णी आणि तिथून आत. पाडव्याला कुठूनही जा. पण बाजारातून परत यायला आठ-दहा दिवस लावलेत तर कार्तिकी येते. तेव्हा पंढरपूरच्या बाजूला फिरकूच नका, टेंभुर्णी धरा.

पहाटे चारला निघा. उन्हाचा प्रश्न नाही, प्रश्न उसाच्या ट्रॉल्यांचा आहे. गाळप सुरू झालं की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे दिवा नाही आणि स्पीकरवर गाणी फुल. घोडं गाडीच्या आवाजाला दोन फेऱ्यांत सरावतं, त्या स्पीकरला नाही. ट्रॅक्टरला ओलांडताना आपल्या ड्रायव्हरने हॉर्न न वाजवता, एका दमात, अंतर राखून पुढे जावं. शेजारी रेंगाळायचं नाही.

नुकरा
घोड्याच्या कानात कापूस. पण त्याच दिवशी नको, आठ दिवस आधीपासून रोज पाच मिनिटं. आणि दिवाळी म्हणजे फटाके आलेच, हे विसरू नका.

कडकभाकरी
काय करलालाव मंडळी, सगळ्यांनी घोड्याचंच लिहिलंय, माणसाच्या पोटाचं कोण बघणार? कडक भाकरी, शेंगाची चटणी, दह्याचा डबा. भाकरी आठ दिवस टिकते. ढाब्यावर थांबलं की अर्धा तास जातो आणि मागे पोरं घोड्याला कुरकुरे चारतात.

शेंगाचटणी
@कडकभाकरी चटणी कुठची? एवढंच सांगा.

कडकभाकरी
घरची. उखळातली. मिक्सरवाल्यांनी पुढे जावं.

आक्का_पागेवाली
चढवायच्या सरावाचं कोणी लिहिलं नाही. मी लिहिते, आधी भाकऱ्या आटपून आले.

पिकअपचा हौदा जमिनीपासून अडीच-तीन फूट उंच असतो. फळी आठ-नऊ फुटांची हवी. चार फुटांची लावली तर तो जिना होतो. फळीवर काथ्याची पट्टी ठोका. फळी नसेल तर शेतातल्या बांधाला गाडी मागे लावा, हौदा आणि बांध एका पातळीत येतील असं. मधली फट पोत्याने झाका. घोड्याला नेमकं पायाखाली काय आहे ते नीट दिसत नाही, त्यामुळे अंधारी फट म्हणजे त्याला खड्डाच वाटतो.

पहिले तीन दिवस नुसतं फळीजवळ खाणं. मग पुढचे दोन पाय फळीवर आणि परत खाली. मागे येणंही शिकवायचं, बरेच लोक फक्त चढणं शिकवतात! पाचव्या-सहाव्या दिवशी आत उभं करून भरडा. मग इंजिन चालू, गाडी जागेवरच. मग दोन किलोमीटर, मग मार्डीपर्यंत. चढत नाही म्हणून मागून चाबूक मारला की पुढच्या वेळी फळी दिसली तरी घाम फुटतो. त्याला आणि तुम्हालाही.

दोरी हाताला गुंडाळू नका. घडी घालून मुठीत. बोटं जातात.

आणि तोंडाने काहीतरी चालू ठेवा. ओवी म्हणा, शिव्या द्या, सूर सारखा ठेवा. आपण दम रोखून धरला की घोडं कान टवकारतं, बघा कधी लक्ष देऊन.

पंचकल्याणी
हौद्यात खाली काय टाकता? आमच्याकडे नुसती रबरी मॅट आहे.

आयशर४०७
नुसती मॅट ओली झाली की घसरते. मॅटवर तीन बोटं वाळू आणि वर उसाचं पाचट. पाचट मुतण्यासाठी. कोरड्या पत्र्यावर शिंतोडे उडतात म्हणून बरीच घोडी रस्ताभर कोंडून धरतात. थांबल्यावर पाचट पायाने हलवून मऊ करायचं आणि शीळ घालायची. मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे लोक, पागेत रोज शीळ घालून सवय लावतात, ती इथे कामाला येते. पाय पसरून उभं राहिलं की समजा झालं. गाडी लगेच हलवू नका.

खुराचा डॉक्टर
थांब्याबद्दल. दर तीन तासांनी १५-२० मिनिटं, गाडी सावलीत, इंजिन बंद. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोरी ढिली करून मान खाली घालू द्या, गुडघ्यापर्यंत. मान तासन्‌तास वर बांधलेली असली की नाकातली घाण खाली यायच्या ऐवजी फुफ्फुसात उतरते. लांबच्या प्रवासानंतर दोन-तीन दिवसांनी ताप येतो तो बहुतेक यामुळे, आणि लोक बाजाराच्या पाण्याला दोष देतात.

कडबा पाणी शिंपडून द्या, धूळ उडत नाही. निघायच्या आधी चार-पाच तास भरडा बंद, हरभरा तर नकोच. घोड्याला उलटी करता येत नाही, आत गेलेलं सगळं पुढेच जायला हवं. पोचल्यावरही आधी पाणी आणि कडबा, भरडा दोन-तीन तासांनी आणि तोही निम्मा.

निरोगी घोड्याचे आकडे कागदावर लिहून मागच्या काचेला चिकटवा. अंगाचं तापमान ३७.५ ते ३८.५ सेल्सिअस. नाडी मिनिटाला २८ ते ४४, जबड्याखाली बोट लावून. श्वास ८ ते १६. हिरडी दाबून सोडली की दोन सेकंदांत गुलाबी. थर्मामीटरला दोरा बांधा, नाहीतर तो शोधत बसाल, आणि कुठे ते सांगायला नको. पोटाकडे वळून बघणं, पुढच्या पायाने खरडणं, शेण बंद होणं असं दिसलं तर खाणं काढून घ्या आणि १९६२ ला फोन करा, फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर आहे. हायवेला गाडी बिघडली तर १०३३.

भीमथडी_तट्टू
पाणी! परगावचं पाणी घोडं नाक लावून सोडून देतं. आठवडाभर आधीपासून घरच्या पाण्यात गूळ, पाच लिटरला सुपारीएवढा. बाजारात पण तेवढाच टाका, चव तीच लागते. पितं. बादली स्वतःची, सगळ्यांच्या पाण्याच्या हौदावर कधीच नाही. शेंबा हौदावरूनही पसरतो.

पालखीतला_टाळकरी
माउलींचे अश्व बघा, अंकलीहून आळंदीपर्यंत चालत येतात, गाडीची भानगडच नाही. आणि लाखभर लोकांत रिंगण धावतात.

नुकरा
@पालखीतला_टाळकरी अकलूजला तुकोबांचं रिंगण असतं तेव्हा या एकदा. पण त्यांची तुलना नको, त्यांना गर्दीची सवय आहे. आमच्या घोडीला हलगी ऐकू आली की चारही पाय हवेत.

खरारा
बाजारात जागा कडेची घ्या, रस्त्याला पाठ नको. आगाडी-पिछाडीच्या (पुढून-मागून बांधायच्या दोऱ्यांच्या) मेखा फूटभर तरी आत. वाळूत मेख उभी ठोकू नका, घोड्याच्या उलट्या बाजूला तिरकी. नर घोड्याशेजारी घोडी नको. रात्री तिथेच झोपायचं, पिछाडीच्या पल्ल्याबाहेर. आणि भोवरे (अंगावरच्या केसांची वळणं) बघणारे तज्ज्ञ येतील, देवमण हा शुभ भोवरा आहे का, अमुक भोवरा अशुभ, घोडं विका म्हणतील. हं म्हणायचं आणि खरारा चालू ठेवायचा.

पंचकल्याणी
सारंगखेड्याचं कोणी सांगा ना, पाचशे किलोमीटरच्या वर आहे.

वेळापूर फाटा
एका दमात नाहीच. तुळजापूर, धाराशिव, बीड, छत्रपती संभाजीनगर, मग धुळे. बीड-संभाजीनगरच्या पट्ट्यात रात्री मुक्काम, घोडं खाली उतरवून, आठ तास तरी. मुक्कामाची जागा आधी फोन करून पक्की करा, अंधारात पागा शोधत फिरणं म्हणजे सगळी शांतता गेली. कन्नडच्या घाटात अवजड गाड्यांना बंदी घातली होती. पिकअपचं ठीक आहे, आयशर असेल तर निघायच्या आधी चौकशी करा. घाट उतरताना दुसरा गिअर, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही.

शेंगाचटणी
ताडपत्रीचं राहिलं. फडफडली की खेळ खलास. चारही कडा सुतळीने आवळून, पण पुढून वारा आत यायला हवा.

आयशर४०७
आणि मागून धूर आत येतो का ते बघा. गाडी चालू करून मागे उभं राहून दोन मिनिटं श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर घोड्याचेही चुरचुरणार.

सीनाकाठ
एवढं येईल वाटलं नव्हतं. आक्का, बांधाला गाडी लावल्यावर पुढच्या चाकांना दगड लावता की हँडब्रेक पुरतो?

आक्का_पागेवाली
दोन्ही. दगड दोन्ही चाकांना. हँडब्रेकवर साडेतीनशे किलो उडी मारतं भाऊ.

कडकभाकरी
पाडव्याला अकलूजला कोण कोण आहे? चटणी आणतो. @शेंगाचटणी तुम्ही दही आणा.

शेंगाचटणी
दही पिकअपमध्ये पाऊण बादली भरून आणतो, सांडलं तर ड्रायव्हर बदलू 😄